सीडी ४ च्या आकड्यामागची लढाई



गेल्या महिन्यात दवाखान्यात एक गृहस्थ आले होते. ट्रक चालवतात, वय पंचेचाळीसच्या आसपास, गेली आठ वर्षे एचआयव्हीची गोळी न चुकता घेणारे. ताजा रिपोर्ट टेबलावर ठेवून म्हणाले, "डॉक्टर, सीडी फोर सातशे बारा आला. चांगल्या माणसाएवढाच झाला की! मग गोळी बंद करून बघू का थोडे दिवस?"

"नाही" म्हणायला मला अर्धा मिनिटही लागला नाही. पण ते "नाही" वैद्यकाला समजायला बरीच वर्षे लागली, आणि मला स्वतःलाही. २००५ च्या सुमारास असाच एक तरुण माझ्यासमोर बसला होता. नुकतेच निदान झालेले, सोबत बायको. त्याचा सीडी ४ होता ४२०. मी त्याला धीर दिला, कंडोमबद्दल सांगितले आणि म्हणालो, "प्रतिकारशक्ती अजून चांगली आहे, सध्या औषध लागणार नाही. सहा महिन्यांनी तपासून घ्या." त्या वेळच्या नियमाप्रमाणे हे बरोबरच होते. त्याच्या शरीरात त्या सहा महिन्यांत काय चालणार होते, याचा विचार मात्र मी केला नव्हता. आजचा लेख त्याविषयी आहे. लेख थोडा लांबला आहे, सावकाश वाचा.

आधी टी पेशी म्हणजे काय ते पाहू. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट नावाचा एक गट असतो. त्यातल्या काही अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत जाऊन तयार होतात. थायमसवरून त्या टी पेशी. ही ग्रंथी बिनकामाची आहे असे डॉक्टर मंडळी बराच काळ समजत होती. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांमधली ती काढून टाकली, तेव्हा ते उंदीर साध्या जंतूंनाही तोंड देऊ शकले नाहीत, आणि थायमसचा मान वाढला. पुढे कळले की टी पेशींचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक मदतनीस पेशी; त्या स्वतः फारसे मारत नाहीत, पण इतरांना जागे करतात, कामाला लावतात. दुसऱ्या मारक पेशी. शरीराच्या ज्या पेशीत विषाणू शिरला आहे ती हुडकून तिला संपवणे हे त्यांचे काम. मदतनीस पेशींच्या पृष्ठभागावर सीडी ४ नावाचे प्रथिन असते, मारक पेशींवर सीडी ८.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही अगदी सारख्या दिसतात. त्या वेगळ्या मोजण्याचे साधन मिळाले ते १९७५ मधल्या मोनोक्लोनल अँटिबॉडीच्या शोधानंतर. १९८० च्या सुमारास ही साधने मोठ्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत नुकतीच पोहोचली होती. तो योगायोगच म्हणायचा. एचआयव्हीची साथ दहा वर्षे आधी लक्षात आली असती, तर नेमके काय नाहीसे होत आहे हे कोणाला मोजता आले नसते.

१९८१ : रिपोर्टातली दुसरी ओळ

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात मायकल गॉटलीब हे तरुण इम्युनॉलॉजिस्ट काम करत होते. एरवी धडधाकट असलेल्या तरुण पुरुषांना न्यूमोसिस्टिस नावाचा दुर्मीळ न्यूमोनिया होताना त्यांनी पाहिला. अशा पाच रुग्णांची माहिती ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य साप्ताहिकात छापून आली. त्यातले दोघे तोवर दगावले होते. एड्सच्या इतिहासाची सुरुवात या छोट्या टिपणापासून धरतात.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गॉटलीब आणि सहकाऱ्यांनी सविस्तर निबंध लिहिला. त्यात टी पेशींची मोजणी आहे. मदतनीस पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या. आणि मारक पेशींचे प्रमाण वाढलेले. दोन्ही गोष्टी पहिल्याच निबंधात, शेजारी शेजारी आहेत. जगाचे लक्ष पहिलीकडे गेले, ते साहजिकही होते. शिवाय सीडी ८ पेशींना तेव्हा "दडपणाऱ्या पेशी" असेही म्हणत. त्यामुळे त्या वाढल्या म्हणजे काहीतरी बिघाडच, असा समज झाला. त्या कोणाशी तरी लढत असतील, हे लगेच कोणाच्या मनात आले नाही. विषाणूच अजून सापडला नव्हता!

तो सापडला १९८३ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत, फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि लुक मोंतान्ये यांच्या गटाला. १९८४ मध्ये लंडन आणि पॅरिसमधल्या संशोधकांनी दाखवले की हा विषाणू पेशीत शिरताना सीडी ४ प्रथिनालाच धरतो. आता गोष्ट सरळ झाली. लाकडाला वाळवी लागावी तशी सीडी ४ पेशींना ही लागण होते, पेशी कमी कमी होत जातात, २०० च्या खाली गेल्या की न्यूमोनिया, क्षय, मेंदूचे जंतुसंसर्ग सुरू. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५०० ते १५०० असतो. आम्ही कॉलेजात हेच शिकलो आणि रुग्णांनाही हेच सांगत आलो. ते चूक नव्हते, पण अर्धेच होते.

आपल्याकडे १९८६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सोलोमन (माहेरच्या गायतोंडे, मूळ मराठी घरातल्या) यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला या विद्यार्थिनीने रक्ताचे नमुने गोळा केले, ते वेल्लोरला तपासले गेले आणि भारतातही एचआयव्ही असल्याचे सिद्ध झाले.

मारक पेशींचा शोध

त्याच १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जे लेव्ही यांच्या प्रयोगशाळेत एक साधा पण महत्त्वाचा प्रयोग झाला. लागण झालेल्या, पण तब्येत ठणठणीत असलेल्या काही लोकांच्या रक्तातून विषाणू वाढवता येत नव्हता. संशोधकांनी त्या रक्तातल्या सीडी ८ पेशी काढून टाकल्या, तर विषाणू वाढू लागला. त्या परत घातल्या, तर वाढ पुन्हा थांबली. पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये ब्रूस वॉकर यांच्या गटाने रुग्णांच्या रक्तात खास एचआयव्हीलाच ओळखणाऱ्या मारक पेशी दाखवल्या, आणि त्या थोड्याथोडक्या नव्हत्या.

म्हणजे शरीर हातावर हात ठेवून बसलेले नव्हते. लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यांत अनेकांना फ्लूसारखा ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठते. त्या वेळी रक्तात विषाणू प्रचंड असतो आणि मग तो झपाट्याने खाली येतो. १९९४ मध्ये दाखवले गेले की ही घसरण होते तीच मुळी मारक पेशी मैदानात उतरतात तेव्हा. विषाणूला निष्प्रभ करू शकणारी प्रतिपिंडे त्यानंतर बऱ्याच काळाने येतात. पक्का पुरावा १९९९ मध्ये माकडांवरच्या प्रयोगांतून मिळाला. एचआयव्हीचा भाऊबंद असलेल्या विषाणूची लागण झालेल्या माकडांच्या सीडी ८ पेशी औषधाने नाहीशा केल्या, तर विषाणू उसळून वर आला. पेशी परतल्या, तो खाली गेला.

मग ताप उतरतो, रुग्णाला बरे वाटते आणि आठ-दहा वर्षे वरवर काही होत नाही. या काळाला आम्ही "सुप्तावस्था" म्हणत होतो. शब्द मोठा फसवा आहे. वाटायचे, विषाणू झोपला आहे. अशा रुग्णांच्या मानेत, काखेत, जांघेत बारीक गाठी लागत. घरी ज्याला अवधान म्हणतात, तसेच. मी कित्येकदा त्या चाचपल्या आहेत, केस पेपरवर नोंदवल्या आहेत आणि पान उलटले आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी अशाच गाठी काढून तपासल्या. रक्तात विषाणू जेमतेम सापडत असताना गाठींत तो जोरात वाढत होता.

दोन वर्षांनी, १९९५ च्या जानेवारीत, न्यूयॉर्कचे डेव्हिड हो आणि अलाबामाचे जॉर्ज शॉ यांच्या गटांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. नवी औषधे दिल्यावर रक्तातला विषाणू किती वेगाने घटतो हे त्यांनी मोजले. साधारण दोन दिवसांत निम्मा! गच्चीवरच्या टाकीची पातळी महिनोन् महिने तशीच दिसते म्हणून पाणी स्थिर आहे असे आपण समजावे, आणि नळ बंद केल्यावर कळावे की खालची तोटीही पूर्ण उघडी होती, तसे हे झाले. रोज सुमारे एक हजार कोटी विषाणू तयार होतात आणि जवळपास तेवढेच नष्ट होतात, असा हिशेब पुढच्या वर्षी मांडला गेला. (टी पेशी किती मरतात नि किती जन्मतात, या भागावर पुढे बराच वाद झाला. विषाणूचा हिशेब मात्र टिकला.) माझा ४२० सीडी ४ वाला तरुण "चांगल्या प्रतिकारशक्तीचा" होता तो असा.

हरतात का?

एवढे लढूनही बहुतेकांच्या मारक पेशी शेवटी हरतात. का, याचे एकच उत्तर नाही. एक कारण १९९१ मध्येच कळले होते. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना सतत चुका करतो. मारक पेशी विषाणूच्या ज्या तुकड्यावरून त्याला ओळखते तोच तुकडा बदलला, की ओळख पटत नाही. आपण एकाचा फोटो घेऊन शोधत आहोत आणि तो दर आठवड्याला नवा चेहरा घेऊन फिरतो आहे. त्याउलट शंभरात एखाद्याहूनही कमी लोक असे असतात, की ते औषधाविना वर्षानुवर्षे विषाणूला जवळजवळ शून्यावर ठेवतात. अशांमध्ये एचएलए बी ५७ सारखी काही जनुके वरचेवर सापडतात. त्यांच्या मारक पेशी विषाणूचे असे तुकडे पकडतात, जे बदलले तर विषाणूलाच महागात पडते. अशा लोकांच्या मदतनीस पेशीही एचआयव्हीविरुद्ध जोमदार असतात, हे १९९७ मध्ये वॉकर यांच्याच गटाने दाखवले. बाकीच्यांत मदतनीस आधीच मारले गेलेले असतात, आणि मदतनीसाशिवाय मारक पेशी फार काळ तग धरत नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो थकव्याच्या शोधाने. त्याची सुरुवात एचआयव्हीपासून झाली नाही. उंदरांना होणारा एलसीएमव्ही नावाचा एक विषाणू आहे. १९९३ मध्ये झ्युरिकला झिंकरनागेल यांच्या गटाने पाहिले की हा विषाणू उंदरात ठाण मांडून बसला, तर त्याच्याशी लढणाऱ्या मारक पेशी नाहीशाच होतात. १९९८ मध्ये अटलांटातल्या रफी अहमद (हे मूळचे हैदराबादचे) यांच्या गटाने त्यात एक विलक्षण भर घातली. त्या सगळ्याच मरत नाहीत. काही जिवंत असतात, मोजता येतात, विषाणूला ओळखतातही. पण मारत नाहीत. काम सोडून नुसत्या उभ्या असतात.

हीच गोष्ट एचआयव्हीच्या रुग्णांत दिसू लागली होती. नव्या तंत्राने मोजले, तर एचआयव्हीला ओळखणाऱ्या मारक पेशी भरपूर. मग विषाणू का आटोक्यात नाही? २००६ मध्ये कोडे बरेचसे सुटले. क्योटोत तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-१ नावाचे एक प्रथिन शोधले होते. टी पेशीवरचा तो ब्रेकच आहे. लढाई संपल्यावर पेशींनी आपल्याच शरीराला इजा करू नये, म्हणून निसर्गाने केलेली सोय. अहमद यांच्या गटाला थकलेल्या पेशींवर हा ब्रेक सतत दाबलेला आढळला. त्याच वर्षी तीन वेगवेगळ्या गटांनी तेच एचआयव्हीत दाखवले. त्यातला एक अभ्यास दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या रुग्णांवर होता. त्यांच्यातला विषाणू सी उपप्रकाराचा, म्हणजे आपल्याकडे बहुतांश आढळतो तोच. ज्यांच्या मारक पेशींवर पीडी-१ जास्त, त्यांच्या रक्तात विषाणू जास्त आणि सीडी ४ कमी. आणि महत्त्वाचे म्हणजे, प्रयोगशाळेत तो ब्रेक सोडवला तर पेशी पुन्हा कामाला लागत होत्या. औषधोपचार सुरू केलेल्या मोजक्या रुग्णांत विषाणू कमी झाल्यावर पीडी-१ ही खाली आले होते.

तुमच्यापैकी काहींनी हे नाव कर्करोगाच्या संदर्भात ऐकले असेल. बरोबर, तेच ते. हाच ब्रेक सोडवणारी औषधे २०१४ पासून कर्करोगात वापरात आली आणि होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. एचआयव्हीसाठी मात्र त्यांना अजून मान्यता नाही. ब्रेक सगळ्याच टी पेशींचा सुटतो आणि त्या कधी आतड्यांवर, कधी थायरॉइडवर धावून जातात. कर्करोगात तो धोका पत्करता येतो. रोज एका गोळीने बरा राहणारा माणूस तो कशाला पत्करेल?

एक प्रश्न राहतो. पेशी थकतात त्या सतत चाललेल्या लढाईने, पण ही लढाई एवढी तापते का? पश्चिम आफ्रिकेत सूटी मँगाबे नावाची माकडे आहेत. त्यांच्या रक्तात एचआयव्हीचा भाऊबंद विषाणू भरपूर असतो, तरी त्यांना सहसा एड्स होत नाही. त्यांच्या टी पेशी भडकत नाहीत. माणसाच्या भडकतात, आणि १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या जॅनिस जॉर्जी यांनी दाखवले की सीडी ८ पेशी किती भडकल्या आहेत यावरून रुग्णाचे पुढे काय होणार, हे विषाणूच्या मोजणीपेक्षाही चांगले सांगता येते. एक कारण आतड्यात आहे. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक सीडी ४ पेशी मारल्या जातात. अस्तर कमकुवत होते, आतल्या जंतूंचे अंश रक्तात झिरपू लागतात आणि सारी यंत्रणा कायम तापलेली राहते. रक्तातला सीडी ४ यातले काही सांगत नाही. रक्तात शरीराच्या एकूण टी पेशींपैकी फार थोड्या असतात, बाकी आतड्यात नि गाठींत.

नियम कसे बदलले

आता तुम्ही विचाराल, १९९५ मध्ये एवढे कळले होते, तर २००५ मध्ये तुम्ही त्या तरुणाला थांबवले कशाला? रास्त प्रश्न. तेव्हाच्या औषधांनी हातापायांची आग व्हायची, रक्त कमी व्हायचे, गाल बसायचे. रुग्ण कंटाळून मध्येच सोडायचे आणि विषाणू औषधाला दाद देईनासा व्हायचा. आणि पैसा. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे डॉ. युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणून दाखवला, तोवर अमेरिकेत तो दहा हजार डॉलरच्या घरात होता. आपल्या सरकारने मोफत औषधे १ एप्रिल २००४ ला सुरू केली. सुरुवातीला ती सीडी ४ दोनशेच्या खाली गेलेल्यांनाच. जी थोडी होती, ती सगळ्यात आजारी असलेल्यांना आधी. त्यात अन्याय नव्हता. पण "औषध पुरत नाही" हे हळूहळू आमच्या बोलण्यात "औषधाची गरज नाही" असे झाले, आणि ते मीही बोललो.

२००६ मध्ये "स्मार्ट" नावाच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. सीडी ४ साडेतीनशेच्या वर असलेल्या रुग्णांपैकी अर्ध्यांची औषधे थांबवायची, अडीचशेच्या खाली आला की पुन्हा सुरू करायची, अशी कल्पना होती. माझ्या ट्रकवाल्या रुग्णाच्या मनातले तेच! अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. थांबून थांबून औषध घेणाऱ्यांमध्ये एड्सचे आजार आणि मृत्यू मिळून सुमारे अडीच पट झाले. हृदय, मूत्रपिंड, यकृताचे आजारही वाढले. गोळी थांबली की विषाणू परततो कुठून, तेही १९९७ पासून माहीत होते. काही विश्रांत सीडी ४ पेशींच्या जनुकांतच तो दडून बसतो. तिथे औषध पोहोचले तरी करायला काही नसते, कारण तो तेव्हा काहीच करत नसतो. म्हणून काही आठवड्यांतच तो परत येतो, आणि थकलेल्या मारक पेशींना त्याला रोखता येत नाही.

२०११ मध्ये नऊ देशांतल्या जोडप्यांचा अभ्यास आला. त्यात चेन्नईबरोबर पुणेही होते. जोडीदारांपैकी एकाला लागण, दुसऱ्याला नाही. लागण झालेल्याला सीडी ४ चांगला असतानाच औषध दिले, तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. २०१५ मध्ये "स्टार्ट" अभ्यासाने दाखवले की सीडी ४ पाचशेच्या वर असतानाच औषध सुरू केले, तर गंभीर आजार निम्म्याहून जास्त टळतात. आपल्याकडची मर्यादा २०० ची ३५० झाली, मग ५००, आणि २०१७ मध्ये ती काढूनच टाकली. निदान झाले की औषध सुरू.

तो ४२० वाला तरुण सहा महिन्यांनी आला नाही. २००७ च्या थंडीत आला तो छातीत पाणी घेऊन, क्षयाचे. सीडी ४ होता ११८. औषधे सुरू केली, तो सावरला, आजही भेटतो. त्याच्या बायकोचा पहिला रिपोर्ट निगेटिव्ह होता. दुसऱ्या वेळचा पॉझिटिव्ह आला.

तर त्या ट्रकवाल्या गृहस्थांकडे वळू. त्यांचे औषध २०१७ च्या अखेरीस सुरू झाले, तेव्हा सीडी ४ होता ४६०. आधीच्या वर्षांतल्या नियमाने त्यांनाही थांबावे लागले असते. मी रिपोर्ट त्यांच्याकडे फिरवला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवले. खासगी लॅबच्या रिपोर्टात ती बहुधा असते, वाचत कोणी नाही. सीडी ८ : ९४०. दोहोंचे गुणोत्तर ०.७६, निरोगी माणसात ते साधारण एकच्या वर असते. औषधाने विषाणू सापडेनासा झाल्यावरही अनेकांत ते वर्षानुवर्षे उलटेच राहते.

"म्हणजे हे वाढलेले वाईट की चांगले?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "हे तुमचे लढणारे. एवढ्या वर्षांनीही पूर्ण शांत झालेले नाहीत. गोळी आहे म्हणून त्यांना जरा उसंत आहे."

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला आणि विचारले की रात्री गाडी चालवायची असेल तेव्हा गोळी जेवणाआधी घेतली तर चालेल का. चालेल, म्हणालो.